1950 ची गाडी, 1970 चे टायर

विषय पत्रिकेत छापलाय: हॉट रॉडच्या (वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाडीच्या) स्केल मॉडेलला काळाला धरून टायर कसे निवडायचे, दशकवार. दशकांकडे येतोच. आधी एक तक्रार ऐकून घ्या, कारण ती ऐकायला इतकी शहाणी माणसं एका खोलीत पुन्हा मिळायची नाहीत.

प्रदर्शनाच्या टेबलावर 1932 ची फोर्ड असते, म्हणजे आपली 'ड्यूस'. छप्पर कापून बुटकं केलेलं, बॉनेटखाली फ्लॅटहेड व्ही-8 इंजिन, त्यावर स्ट्रॉमबर्गचे दोन कार्ब्युरेटर, स्पार्क प्लगला केसाएवढ्या वायरीसुद्धा. समोर पाटी: 'एल मिराज, 1949'. म्हणजे कॅलिफोर्नियातलं सुकलेलं तळं, जिथे रॉडवाले वेग आजमावायचे. आणि खाली? रुंद, चपटे टायर, बाजूला पांढऱ्या अक्षरांत 'पॉलिग्लास'. हा टायर बाजारात आला 1960 च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे गाडी वीसेक वर्षं पुढे जाऊन टायर बसवून परत आली!

हसताय, पण घरी जाऊन आपापली कपाटं बघा. दोष सगळा तुमचा नाही. किटवाले एकाच साच्यातले टायर दहा खोक्यांत घालतात. खोक्यावर 1932 छापलंय म्हणून आतला टायर 1932 चा नसतो. तासन्‌तास क्रोम घासणारी माणसं टायर मात्र खोक्यातून निघेल तो लावतात. जमिनीला टेकणारी गोष्ट तेवढी एकच, आणि तिच्याकडेच कुणी बघत नाही.

बरं, माप. जुन्या टायरवर '6.00-16' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. त्या काळच्या बायस-प्लाय (आतले धागे तिरपे असलेल्या) टायरची रिमपासून जमिनीपर्यंतची उंची जवळजवळ रुंदीइतकीच, म्हणून 16 अधिक 6 अधिक 6, झाला 28 इंच व्यास. जुन्या महिंद्रा जीपला हेच 6.00-16 असायचे, तेव्हा हा आकार तुमच्या नजरेत आहे. (माप तेच, नक्षी वेगळी. जीपच्या गुट्ट्या ड्यूसला लावू नका.) महायुद्धानंतर आलेल्या 6.70-15, 8.20-15 अशा मापांना हा हिशेब थोडा जास्त उंची दाखवतो. 8.20 ला तर दीड-दोन इंच सहज.

आता गंमत बघा. 1/25 मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाच्या मॉडेलवर, एक इंच म्हणजे 1.016 मिलिमीटर. व्हर्नियर लावा, जे मिलिमीटर येतील तेच जवळपास खऱ्या गाडीचे इंच. 28 इंची टायर 28.4 मिमी भरायला हवा. 1/24 मध्ये तोच 29.6 होतो, म्हणून दोन स्केलचे टायर डोळे मिटून अदलाबदल करू नका. पुढे-मागे एकाच स्केलचे असले तर एकवेळ खपतं. मिसळले की गाडी लंगडते.

आणि पुढे-मागे वेगळे लागतातच. पुढे 5.50-16, मागे 7.00-16, म्हणजे 27 आणि 30 इंच. सुकलेल्या तळ्यांवर धावणाऱ्यांचं गणित साधं होतं: मागचा टायर उंच असला की त्याच आरपीएमला वेग जास्त मिळतो, आणि पुढचा अरुंद असला की तो कमी अडतो. व्यासात तीन इंचांचा फरक म्हणजे आसाच्या उंचीत दीड. मॉडेलवर दीड मिलिमीटर. गाडीचं नाक खाली झुकतं ते एवढ्यावरच. लोक टायरही बदलतात आणि वर पुढचा आसही खाली घेतात, मग गाडी जमीन हुंगायला लागते.

रबराबद्दल सांगायलाच हवं, यात चांगली चांगली किटं गेलीत. किटचे टायर व्हिनाइलचे. ते मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरीनला वितळवतं. टायर काचेला टेकून वर्षानुवर्षं खोक्यात पडला, तर काचेवर त्याची नक्षी उमटते. घासून थोडं सावरता येतं, पण खोल गेलं असेल तर काच बदलायचीच. म्हणून किट उघडल्याबरोबर टायर वेगळ्या पिशवीत टाका. बसवताना रिमच्या कडेला नळवाल्याची टेफ्लॉन टेप एक वेढा द्या. नुसत्या रंगाच्या भरवशावर राहू नका.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं! दशकं आता धावतच घेऊ.

युद्धाआधी आणि लगेच नंतर: फोर्डच्या मूळ मॉडेल ए ची 21 किंवा 19 इंची आणि ड्यूसची 18 इंची चाकं काढून 1935 च्या फोर्डची तारांची किंवा 1940 ची पोलादी, दोन्ही 16 इंची. टायर काळे. युद्धात रबराची टंचाई होती, तेव्हा 1946 च्या रॉडला व्हाइटवॉल (बाजूला पांढरा पट्टा असलेले टायर) लावण्याआधी दोनदा विचार करा.

पन्नाशीचं दशक: 15 इंची चाकं, पुढे 5.60-15, मागे 8.20-15. रस्त्यावरच्या गाडीला रुंद व्हाइटवॉल, अडीच ते तीन इंच, म्हणजे मॉडेलवर तेवढेच मिलिमीटर. ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, गाडीला मागे स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत टायर. आधी जुन्या टायरवर रबर चढवलेले, आपल्या भाषेत रिमोल्ड केलेले गोटे. नंतर एम अँड एच सारख्या कंपन्यांचे खास बनवलेले.

1962 पासून पांढरी पट्टी एकदम बारीक, मॉडेलवर जेमतेम एक मिलिमीटर. साठीच्या मध्यावर लाल पट्टी, शेवटी पांढरी अक्षरं. रेडियल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असलेले)? अमेरिकन गाडीला कारखान्यातूनच स्टँडर्ड म्हणून पहिल्यांदा बसले ते 1970 च्या लिंकन काँटिनेंटल मार्क 3 ला. किटच्या टायरवर 'पी205/75आर15' असं रेडियलचं माप कोरलेलं दिसलं तर तो जुन्या रॉडला चालणार नाही. कोरीव अक्षरं घासून जातील, चपटी बाजू जाणार नाही.

शेवटचं, साच्याची शिवण. टायर ड्रिलला लावा, वेग कमी ठेवा, 320 चा पॉलिश पेपर हलक्या हाताने टेकवा. शिवण जाते आणि नव्या रबराची चकाकीही. व्हाइटवॉल रंगवणार असाल तर अ‍ॅक्रिलिकच घ्या. व्हिनाइलवर इनॅमल महिनोन्‌महिने चिकट राहतो, आणि त्यावर बसलेली धूळ काही केल्या निघत नाही.