नॅट : चिलटाएवढं लढाऊ विमान

या विमानाच्या शेजारी एखादा माणूस उभा केला, की मापाचा अंदाज येतो. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेसात मीटर, लांबी पावणेनऊ मीटर. आपली एसटी याहून लांब असते. रिकाम्या विमानाचं वजन साधारण 2,200 किलो. 1965 च्या युद्धात पाकिस्तानच्या ज्या अमेरिकी बनावटीच्या सेबर विमानांशी त्याची गाठ पडली, त्यांच्या निम्म्याहूनही कमी. इंग्रजीत नॅट म्हणजे चिलट. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं खाजवलेलं दिसत नाही.

कल्पना विल्यम पेटर या ब्रिटिश अभियंत्याची. कॅनबेरा बॉम्बरची रचना करणारा हाच माणूस. जेट विमानं दर काही वर्षांनी अधिक जड, अधिक गुंतागुंतीची आणि अधिक महाग होत होती, आणि पेटरला ते पटत नव्हतं. 1950 मध्ये तो फॉलंड या छोट्या कंपनीत आला आणि उलट दिशेने निघाला. आधी बिनतोफेचं प्रायोगिक विमान केलं, त्याचं नाव मिज. तोही एक बारीक किडाच. ते 11 ऑगस्ट 1954 रोजी उडालं. ऑर्फियस हे अधिक दमदार इंजिन हाती आल्यावर 18 जुलै 1955 रोजी नॅट उडालं.

यातली काटकसर बघण्यासारखी आहे. हवेत वेग कमी करायला वेगळे ब्रेक बसवलेच नाहीत. चाकं झाकणांसकट अर्धवट खाली सोडायची, तेच ब्रेक. 30 मिलिमीटरच्या दोन तोफा इंजिनाला हवा पुरवणाऱ्या तोंडांच्या कडेलाच बसवल्या. शत्रूला दुरून हुडकणारं रडार नाही. जागाच नव्हती.

ब्रिटिश हवाई दलाने मात्र हे लढाऊ विमान घेतलं नाही. त्यांनी घेतली मोठ्या पंखांची, दोन आसनांची प्रशिक्षण आवृत्ती. अशी 105 विमानं बनली, आणि तांबड्या रंगात ब्रिटिश हवाई दलाच्या 'रेड ॲरोज' या कसरतपथकात 1979 पर्यंत गाजली. फिनलंडने 13 नॅट घेतली, युगोस्लाव्हियाने चाचणीपुरती दोन.

खरा गिऱ्हाईक भारत. 1956 मध्ये परवान्याचा करार झाला. सुरुवातीला तयार विमानं आली, मग सुटे भाग आणून बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये जोडणी झाली, आणि 1962 पर्यंत संपूर्ण विमान तिथेच बनू लागलं. श्रीमंत देशाला जे खेळणं वाटलं, ते आपल्याला परवडणारं होतं आणि आपल्या कारखान्याला पेलणारंही.

3 सप्टेंबर 1965. पठाणकोटच्या नॅट विमानांनी सेबरना गाठायची युक्ती रचली. वर आपलीच मिस्टेअर ही फ्रेंच बनावटीची लढाऊ विमानं आमिष म्हणून दाखवायची. नॅट जमिनीलगत, रडारच्या नजरेखालून. त्या दिवशी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांच्या नावावर पहिलं सेबर लागलं. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार ते विमान जखमी अवस्थेत परत पोचलं. हा वाद अजून मिटलेला नाही. दुसऱ्या दिवशी पठानिया यांनी एक सेबर पाडलं. 19 सप्टेंबरला ट्रेव्हर यांचे भाऊ डेन्झिल यांनीही. दोघाही भावांना वीरचक्र मिळालं.

याच 3 तारखेला आपलं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. वैमानिक सिकंद युद्धकैदी झाले. ते का उतरले, याच्या दोन बाजूंच्या दोन कहाण्या आहेत.

'मूर्ती लहान, कीर्ती महान' म्हणून इथे मोकळं होता येईल, पण नॅट चालवणारे इतक्या सहज म्हणत नसत. विमान छोटं म्हणून शत्रूला उशिरा दिसायचं, झटकन वर चढायचं, हे खरंच. पण छोटं म्हणून इंधनही थोडं. ऐन मोक्याला तोफा अडकायच्या. शेपटीच्या नियंत्रणाच्या तक्रारी तर पिच्छा सोडेनात.

तरी 22 नोव्हेंबर 1971 रोजी पूर्वेकडे, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्यावर मॅसी, गणपती, लाझारस आणि सोरेस यांची चार नॅट विमानं सेबरवर तुटून पडली. युद्ध अजून अधिकृतपणे सुरूही झालं नव्हतं. दोन सेबर पडली. पकडलेल्या वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानचे हवाई दलप्रमुख झाले. तेव्हा लाझारस यांनी त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं, आणि त्याचं उत्तरही आलं.

14 डिसेंबरला श्रीनगरवर सहा सेबर आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी नॅट वर घेतलं. ते एकटेच झुंजले आणि त्या झुंजीत त्यांना वीरमरण आलं. भारतीय हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे.

मग आलं अजीत, म्हणजे आपल्या लोकांनी सुधारलेलं नॅट. 5 मार्च 1975 रोजी ते प्रथम उडालं. इंधन पंखांच्या पोटातच भरायची सोय केली, त्यामुळे पंखांखालच्या खुंट्या बॉम्ब आणि रॉकेटसाठी मोकळ्या झाल्या. नवी 79 अजीत बनली, शिवाय 10 जुन्या नॅटचा कायापालट झाला. 1982 मध्ये त्याची दोन आसनी आवृत्तीही उडाली. पण तोवर आपल्याकडे मिग-21 कधीच रुळलं होतं. 1991 मध्ये अजीत निवृत्त झालं.

ब्रिटनमध्ये हौशी मंडळींनी काही दोन आसनी नॅट उडती ठेवली आहेत. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात एक आहे. आणि पसरूरला उतरलेलं ते? ते कराचीत, पाकिस्तानी हवाई दलाच्या संग्रहालयात उभं आहे.