ऑस्बर्न : दुय्यम जागेवरचा मोठा माणूस

युद्धनाटकातला अधिकारी म्हटला की छाती काढून आरोळी ठोकणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो बहुतेक वेळ पाइप ओढत बसलेला असतो आणि फावल्या वेळात ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ वाचतो. आर. सी. शेरिफ यांच्या ‘जर्नीज एंड’मधला लेफ्टनंट ऑस्बर्न.

नाटक १९२८ सालचं. शेरिफ स्वतः पहिल्या महायुद्धात लढले, जखमी झाले, त्यामुळे खंदकातलं जगणं त्यांना ऐकीव नव्हतं. मार्च १९१८, फ्रान्समधली आघाडी, जर्मनांचा मोठा हल्ला आज होतोय की उद्या, एवढाच प्रश्न. कंपनीचा, म्हणजे लष्करी तुकडीचा, प्रमुख स्टॅनहोप जेमतेम विशीतला. तीन वर्षं लढून मनाने पोखरलेला, व्हिस्कीवर तगलेला. त्याच्या हाताखाली ऑस्बर्न : पंचेचाळिशीचा, पेशाने शाळामास्तर. सगळे त्याला ‘अंकल’ म्हणतात.

पहिल्याच प्रवेशात दुसऱ्या कंपनीचा हार्डी स्टॅनहोपच्या दारूची टवाळी करतो आणि म्हणतो, प्रमुख तर तूच व्हायला हवंस. बढतीचं गाजर आयतं समोर आलंय. ऑस्बर्न ते उडवून लावतो. त्या पोराबरोबर नरकातही जाईन, म्हणतो. ही स्वामिनिष्ठा नव्हे. स्टॅनहोप किती खचलाय हे त्याला सगळ्यांत जास्त ठाऊक आहे. नशेत बरळणाऱ्या त्या प्रमुखाला अंथरुणावर निजवतो तो हाच.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो पत्राचा प्रसंग. नवखा अधिकारी रॅली शाळेपासून स्टॅनहोपला देव मानतो, आणि रॅलीच्या बहिणीवर स्टॅनहोपचा जीव आहे. पोरगा घरी आपल्या दारूबद्दल लिहील, या धास्तीने स्टॅनहोप त्याचं पत्र हिसकावून घेतो. मग ते वाचायचा धीर त्यालाच होत नाही. ऑस्बर्न वाचून दाखवतो. पत्रात निव्वळ कौतुक! आता दुसरा कुणी असता तर ‘बघ, उगाच संशय घेतलास’ म्हणून मोकळा झाला असता. ऑस्बर्न एवढंच विचारतो, पाकीट चिकटवू का?

पुढे भरदिवसा छापा घालायचा हुकूम येतो. एखादा जर्मन जिवंत पकडून आणायचा. वरिष्ठांना बातमी वेळेत हवी, म्हणून अंधाराची वाट बघायची नाही. निघायला काही मिनिटं उरलेली असताना ऑस्बर्न रॅलीशी कॉफी पीत गावाकडच्या रानाबद्दल बोलत राहतो. धीर देणारं भाषण नाही, देशाचं नाव नाही. अंगठी मात्र त्याने आधीच स्टॅनहोपजवळ देऊन ठेवली आहे, बायकोसाठी. ती अंगठी पोराच्या नजरेस पडते, तेव्हा हरवू नये म्हणून इथे ठेवतोय, एवढंच तो सांगतो. नटांनो, इथे गळा दाटवू नका. ऑस्बर्नने जे झाकलंय ते तुम्ही उघडं पाडाल.

ऑस्बर्न परत येत नाही. कैदी मिळाल्यावर खूश झालेल्या कर्नलला स्टॅनहोप जे बोचरं उत्तर देतो, ते ऑस्बर्न कधीच देत नाही. म्हणून कुणी म्हणेल, हा फार सोशिक. मूर्खपणाच्या हुकमावर चकार शब्द काढत नाही. आक्षेप खरा आहे. सगळेच ऑस्बर्न असते तर असे हुकूम सुखाने निघत राहिले असते. पण त्या पाच-सात मिनिटांत, हुकूम टळणार नाही हे पक्कं असताना, रॅलीशेजारी बसायला मी स्टॅनहोपला नाही, ऑस्बर्नलाच निवडेन.