विहिरीवरचा नारळ

[दृश्य: निपाणीजवळचं रान. ऊस, विहीर, काठावर दोन उंच नारळ.]

बेळगाव जिल्ह्यात नारळ बघायचा तर विहिरीच्या काठावर, नाहीतर परसात. चिकोडी-निपाणीकडच्या काळ्या रानात ऊस आणि तंबाखू, खानापूरकडं तांबड्या मातीत भात. नारळाला पिकाचा मान फारसा कुणी दिला नाही. “त्याला काय करायचं असतंय? विहिरीचं पाणी लागतंय की!” असं इथं सर्रास ऐकू येतं. पुढं पेंडीत, म्हणजे नारळाच्या घडात, फळं धरेनाशी झाली की सगळे माना वर करून बघतात.

कारण मात्र बऱ्याचदा जुनं असतं. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा, येते. ती उमलण्याच्या सुमारे अडीच वर्षं आधीच तिचा कोंब शेंड्याच्या पोटात धरलेला असतो. उमलल्यावर नारळ पक्व व्हायला आणखी 11-12 महिने लागतात. त्यामुळं दोन-तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली तहान आज पेंडीत दिसते, आणि आज घातलेल्या खताची वाट तेवढीच बघावी लागते.

खताचं सांगायचं तर मोठ्या झाडाला वर्षाला 50 किलो शेणखत हवं. नत्र 500 ग्रॅम, स्फुरद 320 आणि पालाश 1200 ग्रॅम. पालाश नत्राच्या दुपटीहून जास्त, आणि आपल्याकडं नेमका तोच राहून जातो. खत बुंध्यालगत ओतू नये. खोडाभोवती सहा फुटांपर्यंत आळं करून पसरावं.

[दृश्य: शेंड्याजवळून. झावळीच्या बेचक्यात भोक, बाहेर चघळलेला चोथा.]

हे गेंड्या भुंग्याचं काम. तो कोवळा कोंब पोखरतो, आणि तीच झावळी उलगडली की कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. भोकात तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढतात. पण तो वाढतो खाली, आपल्याच उकिरड्यात. उसाची हुमणी ओळखणाऱ्या शेतकऱ्याला शेणखतातली त्याची जाड पांढरी अळी लगेच कळेल. खड्डा वरचेवर उपसून अळ्या वेचाव्यात. नुसतं झाडावर औषध मारून हा भुंगा हटत नाही.

आणि हिरव्या झावळ्या तोडू नका, चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू नका. त्या जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या खोड आतून खातात, आणि बाहेर तांबूस चीक दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. नारळाला शेंडा एकच. तो मेला की झाड गेलं. दुसरी फांदी फुटत नाही.

नवीन लावायचा असेल तर 9 ते 12 महिन्यांचं, निदान सहा पानांचं, बुडाशी जाड रोप निवडा. दोन झाडांत 25 फूट ठेवा. पाणी तुंबणाऱ्या काळ्या रानात बांधाची उंच जागा धरा. खानापूरकडं पाणी साचणाऱ्या सखल जागेत जूनची घाई नको. मोठा पाऊस ओसरला की सप्टेंबरात लावा.