मिठाने झाडं खाल्ली, मिठानेच छप्पर राखलं

[हातात तपकिरी, केसाळ गोळा. कॅमेऱ्याजवळ आणून दाखवायचा.]

ओळखा बघू हे काय आहे. नारळाचं सोडण चोळून चोळून कुणीतरी लाडू वळलाय असं वाटतं ना? मलाही तसंच वाटलं. माझी भाची स्पेनला शिकते, ती येताना घेऊन आली. हा लाडू वळलाय भूमध्य समुद्राच्या लाटांनी, आणि आतला माल म्हणजे पोसिडोनिया नावाच्या गवताचे धागे. दीड वर्ष माझ्या शेल्फवर पडून आहे. कसर नाही, बुरशी नाही, नाकाशी धरला तर वासही नाही. आणि लोक हा माल घराच्या भिंतीत भरतात, ऊन-थंडी अडवायला.

पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरू. याला सरसकट सीवीड म्हणतात, म्हणजे शेवाळ. पण हे शेवाळ नव्हे. याला मुळं आहेत, पानं आहेत, पाण्याखाली फुलंसुद्धा येतात. ही गवतासारखी दिसणारी फुलझाडं आहेत, फक्त समुद्रात उगवणारी, म्हणून समुद्री गवत म्हणायचं. थंड समुद्रात याचं एक भावंड सापडतं, ईलग्रास. फितीसारखी लांब, अरुंद पानं. आजची गोष्ट जास्त करून त्याची.

डेन्मार्कचं लेसो नावाचं बेट आहे. मध्ययुगापासून तिथला धंदा मिठाचा. आपल्या उरण-पेणच्या मिठागरांत खाडीचं पाणी आत घेतलं की बाकीचं काम ऊन करतं. लेसोला तेवढं ऊन कुठलं? तिथे खारं पाणी कढयांत उकळायचे, खाली लाकूड जाळून. शेकडो वर्षं हेच. बेटावरचं जंगल संपलं, वाळू उडायला लागली, आणि १६५२ मध्ये मीठ काढण्यावर बंदी आली.

आता घर बांधायचं कशाने? फुटलेल्या जहाजांचं लाकूड वाहत यायचं, त्याचा सांगाडा केला. आणि वादळानंतर किनाऱ्यावर येऊन पडायचं ते ईलग्रास छपराला. पुरुष दर्यावर, म्हणून छप्पर शाकारायचं काम बायकांचं. गवत शेतात पसरायचं, पावसात धुऊन निघू द्यायचं, वाऱ्यावर वाळवायचं. मग त्याचे जाडजूड पीळ वळून खालच्या वाशांना घट्ट बांधायचे आणि त्यांच्यावर सुटं गवत रचत, पायांनी तुडवत वर चढायचं. असं करत करत छप्पर मीटरभर जाड व्हायचं. वजन किती? एकेकाचं ३५-४० टन! फोटो बघा, घर इरलं पांघरून बसलंय असं दिसतं. यातली काही छपरं ३०० वर्षं टिकलीत. ज्यांच्या घरी दर पावसाळ्याआधी पेंढ्याने गोठा शाकारतात, त्यांना या आकड्याची किंमत कळेल.

टिकण्याचं श्रेय बरंचसं पानांत मुरलेल्या मिठाला. कीड लागत नाही, कुजणं फार सावकाश होतं, आणि ठिणगी पडली तरी गवत चटकन भडकत नाही. ‘जळतच नाही’ असं सांगणारे व्हिडिओ आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. धुमसतं, जळतं, पण पेंढ्यासारखा भडका उडत नाही.

आणि ऊब? ती गवताची नसतेच, हवेची असते. [गोधडी उचलून] आजीच्या या गोधडीत तरी काय आहे? जुनी लुगडी, आणि थरांमध्ये कोंडलेली हवा. वाळलेली पानं एकमेकांवर आडवीतिडवी पडली की मध्ये तशीच हवा अडकते, हलत नाही, उष्णता पुढे जाऊ देत नाही. मोजमापात ईलग्रास ग्लास वूलच्या, म्हणजे भिंतीत भरायच्या काचेच्या तंतूंच्या कापसाच्या, आसपास येतं.

गोधडी मी उगाच आणली नाही. बॉस्टनच्या सॅम्युअल कॅबट यांच्या कंपनीने १८९०च्या दशकात नेमकी हीच वस्तू विकायला काढली. क्राफ्ट पेपरच्या, म्हणजे जाड तपकिरी कागदाच्या, दोन थरांत ईलग्रास घालून शिवलेले गुंडाळे. नाव काय, तर कॅबट्स क्विल्ट. म्हणजे गोधडीच की! न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये आवाज अडवायलाही ती वापरली.

मग हे सगळं गेलं कुठे? १९३०च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही काठांवर ईलग्रासला रोग लागला आणि समुद्राखालची कुरणंच्या कुरणं ओस पडली. त्याच दशकात ग्लास वूल बाजारात आलं. कच्चा माल बेपत्ता आणि स्पर्धक दारात, मग काय राहणार?

अलीकडे ही वस्तू परत दिसायला लागली आहे. लेसोवरच २०१३ मध्ये एक नवं घर उभं राहिलं. त्यात विणलेल्या जाळीच्या लांब पिशव्यांत ईलग्रास ठासून भिंतींवर आणि छपरावर बसवलंय, आतही तेच. मला मात्र स्पेनचं फोर्मेंतेरा बेट जास्त जवळचं वाटतं, कारण तिथे भांडण थंडीशी नाही, उन्हाशी आहे. सरकारी योजनेतली १४ घरं, आणि छपरात १६ सेंटीमीटर वाळवलेलं पोसिडोनिया.

कमेंटमध्ये कोण काय विचारणार ते मला आत्ताच दिसतंय: ‘दादा, मालवणच्या किनाऱ्यावरचं भरू का?’ नको! आपल्या खडकांवरून सुटून येतं ते सरगॅसम, ते खरंच शेवाळ. मऊ असतं, कुजतं, आणि कुजताना सडक्या अंड्यासारखा वास मारतं. भिंतीत भरलंत तर पहिल्या पावसाळ्यात घर सोडाल. आणि कुठलंही समुद्री गवत उपटून तर आणूच नका. माशांची पिल्लं त्यात वाढतात. वाहून आलेला ढीगसुद्धा किनाऱ्याची वाळू धरून ठेवतो, त्यामुळे तोही सगळा उचलायचा नसतो.

लेसोवर आता अशी छपरं थोडीच उरलीत. ती दुरुस्त करायला बेटाच्या किनाऱ्यावर पुरेसं गवत मिळत नाही. म्हणून डेन्मार्कच्या दुसऱ्या बेटांवरून वाळवलेल्या ईलग्रासच्या गाठी येतात, बोटीने.