ड्रेन पाइपची धार

[दृश्य : ड्रेन पाइपचं तोंड, खाली प्लास्टिकची बादली]

ही धार बघा. करंगळीएवढीही नाही. मुंबईतला जुलै, बाहेर 29 अंश आणि आर्द्रता 85 टक्के. हा एका सभागृहाचा एएचयू, म्हणजे हवा थंड आणि कोरडी करून आत सोडणारं यंत्र. आत 24 अंश आणि 55 टक्के आर्द्रता ठेवायची, तर दर 1,000 सीएफएम (मिनिटाला घनफूट) ताज्या हवेमागे ताशी सुमारे 22 लिटर पाणी काढावं लागतं. बसलेल्या माणसांच्या घामाचं वेगळंच. ते सगळं या पाइपातून पडायला हवं. पडत नाही, म्हणजे ते आतच आहे.

[दृश्य : कॉइल, अगदी जवळून]

तांब्याच्या नळ्या, त्यांवर ॲल्युमिनियमच्या फिन, म्हणजे पातळ पात्या, इंचाला 12. नळ्यांत 7 अंशांचं पाणी शिरतं, 12 अंशांचं होऊन परततं. फिनचा पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्या तापमानापेक्षा, थंड असेल तरच त्यावर थेंब धरतात. हा थेंब बघा, फुगतोय, घरंगळतोय, खालच्या पॅनमध्ये पडतोय. हवा जोरात आली की तिचा मोठा हिस्सा फिनला न टेकताच निसटतो, आणि फिनही तापतात.

[दृश्य : छापखान्याचं जुनं छायाचित्र]

थोडं मागे जाऊ. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने तिथे थंड कॉइलवरून हवा फिरवण्याची योजना आखली. कोणाला गारवा हवा म्हणून नव्हे, आर्द्रता सांभाळायची म्हणून. आज भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर फक्त तापमान दिसतं. आर्द्रतेचा आकडा बहुतेक ठिकाणी गायब!

[दृश्य : पट्टा, पुली, पंखा]

इथे काय झालं? ‘गार वाटत नाही’ अशी तक्रार आली आणि मोटरची पुली मोठी बसवली गेली. कॉइलचं तोंड 16 चौरस फूट. 8,000 सीएफएमला हवेचा वेग मिनिटाला 500 फूट, म्हणजे बरोबर. आता पंखा 9,600 फेकतो, वेग 600. हवा 20 टक्के वाढली म्हणून कॉइलची क्षमता तेवढी वाढत नाही. थोडी वाढते, पण तीही तापमान उतरवण्यातच खर्च होते. कॉइलमागच्या हवेचं तापमान एक-दीड अंशाने चढतं. थर्मोस्टॅटचं समाधान लवकर होतं, तो चिल्ड वॉटरचा, म्हणजे नळ्यांतल्या थंड पाण्याचा, व्हॉल्व्ह मिटत आणतो, फिन दवबिंदूच्या वर जातात आणि धार थांबते. तापमान 24, आणि अंगाला चिकचिक. वरून, एवढ्या वेगात थेंब फिनवरून उडून डक्टमध्ये शिरतात.

[दृश्य : ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं यंत्र) कॉइलसमोर सरकतो]

तपासणीची सुरुवात फिल्टरपासून. तुंबलेला असेल तर आधी धुवा किंवा बदला, नाहीतर पुढचे सगळे आकडे खोटे. मग कॉइलच्या तोंडावर 16 चौकोन धरायचे, प्रत्येकात वेग मोजायचा, सरासरीला क्षेत्रफळाने गुणायचं. एका कोपऱ्यात 300 आणि दुसऱ्यात 700 आले, तर सरासरी 500 असूनही पाणी उडणारच. वाकलेल्या फिन कंगव्याने सरळ करा.

[दृश्य : व्हीएफडीचा (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाचा) पडदा, 50 वरून 42]

आता पंखा 42 हर्ट्झवर. हवा सुमारे 8,000. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे ती साधारण 40 टक्क्यांनी उतरते. मात्र ताज्या हवेचा डॅम्पर, म्हणजे झडप, पुन्हा जुळवा, तिचा वाटा कमी होता कामा नये. आणि हे चिल्ड वॉटरपुरतंच. ज्याच्या कॉइलमध्ये पाण्याऐवजी रेफ्रिजरंट गॅस फिरतो, त्या पॅकेज युनिटला थंड करण्याच्या क्षमतेच्या दर टनामागे 400 सीएफएम धरतात, दमट गावी 350. त्याच्या फार खाली गेलात तर कॉइलवर बर्फ, आणि द्रवरूप गॅस थेट कॉम्प्रेसरमध्ये.

[दृश्य : ड्रेनचा ट्रॅप]

एक बारीक गोष्ट. इथे पंखा कॉइलच्या मागे आहे, हवा ओढून घेतो. ती ओढ पाण्याच्या 50 मिलिमीटर स्तंभाएवढी असेल तर ट्रॅपमधला, म्हणजे पाइपाच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वळणातला, पाण्याचा स्तंभ त्याहून उंच हवा. नाहीतर हवा पाइपातूनच आत ओढली जाते आणि पॅन भरून वाहतो. छतावरचे डाग, बुरशी, कुबट वास इथूनच.

[दृश्य : तोच पाइप, तीच बादली, दोन तासांनंतर]

घड्याळ लावा. दहा मिनिटांत किती लिटर भरलं ते मोजा, सहाने गुणा, आणि आलेला ताशी आकडा सुरुवातीच्या हिशेबाशी ताडून बघा.