जो दवाखान्यात आलाच नाही

एक सुतार होता, फर्निचर बनवणारा. 20 मार्च 1846 ला तो कोपनहेगनहून जहाजात बसला, 28 ला फेरो बेटांवर उतरला, आणि एप्रिल सुरू होतो न होतो तोच तापाने पडला. निघायच्या आधी तो गोवराच्या पेशंटांना भेटून आला होता, बस्स, एवढंच घडलं होतं.

फेरो म्हणजे उत्तर अटलांटिकमधली बेटं, वारा, धुकं, कड्याखाली चिकटलेली छोटी छोटी गावं. लोकसंख्या तेव्हा 7,782. आणि 1781 नंतर, म्हणजे तब्बल 65 वर्षं, तिथे गोवर आलाच नव्हता. मग पुढच्या काही महिन्यांत काय झालं असेल बघा, 6,000 हून जास्त लोक आजारी पडले. घरंच्या घरं आडवी, पाणी द्यायला कोण उठणार हाच प्रश्न.

डेन्मार्क सरकारने दोन तरुण डॉक्टर पाठवले. त्यातला एक पीटर पानुम, पंचविशीतला, डिग्री हातात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्याच्याकडे लॅब नाही, जंतू नावाची गोष्ट अजून कोणी मान्य केलेली नाही, गोवर दूषित हवेने होतो असं तेव्हाचे मोठमोठे लोक बिनधास्त सांगत होते. त्याने काय केलं, तर होडीने आणि पायी गावं फिरला. 52 गावं. आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारपूस, तुमच्याकडे पहिला कोण पडला, तो त्याआधी कुठे गेला होता, कधी.

आता हा प्रश्न शहरात विचारून बघा, कोणाला काय आठवणार? दिवसाला शंभर लोक भेटतात. पण ज्या गावात महिन्यातून एखादी होडी येते तिथे ती कोणत्या दिवशी आली हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणजे ज्या दुर्गमपणामुळे डॉक्टर तिथे जात नाहीत, तेच दुर्गमपण त्याच्या कामी आलं.

एक प्रसंग तर डोळ्यासमोर उभा राहतो. 4 जून. वेस्टमान्ना नावाच्या ठिकाणी व्हेल माशांचा कळप खाडीत शिरला, आजूबाजूच्या गावांतून होड्या धावल्या. तोर्नुविक गावाची एक होडी, त्यात 10 माणसं. सगळे भिजले, ओढाओढ केली, आपला वाटा घेऊन घरी परतले. त्या गर्दीत गोवर होता. आणि 18 जूनला त्या दहाच्या दहा जणांच्या अंगावर पुरळ! एकाच दिवशी. पानुमने दिवस मोजले, 14. दुसऱ्या गावात मोजले, 13 किंवा 14. तिसऱ्या गावात तेच. संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे हा आकडा आजही तसाच शिकवला जातो.

आणि त्याला 98 म्हातारे भेटले, ज्यांना 1781 मध्ये लहानपणी गोवर येऊन गेला होता. त्यांच्यातल्या एकालाही पुन्हा झाला नाही. त्याच वयाचे, पण तेव्हा सुटलेले जे होते, ते मात्र आता गोवराच्या तावडीत सापडले. एकदा झाला की जन्मभराचं संरक्षण मिळतं, हे कळायला 65 वर्षं गोवर न आलेली बेटं लागली आणि दारोदार हिंडणारा एक पोरगा.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की दवाखान्यात बसून रिसर्च करायचा तर जो पेशंट येतो तोच दिसतो. जो लांब राहतो, किंवा जो सतत फिरतीवर असतो, तो येतच नाही. आणि मग त्याच्या आजाराबद्दल जे काही लिहिलं जातं ते त्याच्याशिवाय लिहिलं जातं.

(पडद्यावर पापुआ न्यू गिनीचा डोंगराळ प्रदेश, पाऊस.)

1957 साली पूर्वेकडच्या उंच डोंगरांत फोरे लोकांमध्ये व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गाजडुसेक या दोन डॉक्टरांनी एका विचित्र आजाराची नोंद घेतली. लोक त्याला कुरू म्हणत, त्यांच्या भाषेत थरथर. आधी चाल बिघडते, मग काठी लागते, मग बसल्या जागेवरून उठता येत नाही, आणि साधारण वर्षभरात माणूस जातो. ऐन भरात वर्षाला 200 च्या वर मृत्यू, आणि त्यात बहुतेक बायका आणि मुलं. काही गावांत तर आयाच उरल्या नव्हत्या, पोरं सांभाळायची बापांनी.

डॉक्टरांना वाटलं रक्तातलं असणार, आनुवंशिक, कारण घराण्या-घराण्यांत चालतंय. दिसायला पटण्यासारखंच होतं. पण 1961 च्या सुमारास रॉबर्ट ग्लास आणि शर्ली लिंडेनबॉम हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक तिथे राहायला गेले, नुसते जाऊन आले नाहीत, राहिले, आणि वंशावळी विचारायला लागले. कोणाची आई, कोणाची आत्या, तुमच्या गावात कुरूने पहिली बाई कोण गेली. आणि लोकांनी सरळ सांगितलं की हा आजार आमचा नाहीच मुळी, आमच्या म्हाताऱ्यांना आठवतंय, तो उत्तरेकडून आला. नावानिशी सांगितलं. अहो, ज्या आजाराची सुरुवात लोकांच्या आठवणीत आहे तो पिढ्यान् पिढ्या रक्तातून आलेला कसा असेल? बरं, ज्यांना आजार होतो त्यांच्यात रक्ताचं नातंही दर वेळी निघेना, नातं होतं ते मानलेलं.

मग दुवा कुठे मिळाला, तर अंत्यविधीत. गेलेल्या माणसाला मातीत किड्यांच्या हवाली करण्यापेक्षा आपल्यात घ्यावं, अशी त्यांच्या दुःखाची रीत होती, आणि मेंदूसकट तो वाटा जास्त करून बायका आणि मुलांकडे जायचा. या रिवाजाबद्दल बाहेरच्या पेपरांनी जे काही मसालेदार छापलं ते वाचवत नाही, ते सोडा. पुढे 1966 मध्ये चिंपांझींवरच्या प्रयोगातून हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे सिद्ध झालं, 1976 मध्ये गाजडुसेकना नोबेल मिळालं. रिवाज 1950 च्या दशकाच्या शेवटी थांबला होता आणि त्यानंतर जन्मलेल्या कोणाला कुरू झाला नाही. पण आधी लागण झालेल्यांपैकी काहींना तो 40-50 वर्षांनीसुद्धा झाला, आणि हे कळलं कारण डॉक्टर मायकेल आल्पर्स आणि स्थानिक कार्यकर्ते दशकानुदशकं त्या वाटा तुडवत राहिले. नोबेलच्या बातमीत वंशावळी सांगणाऱ्या म्हाताऱ्या नसतात, पण माझ्या मते अर्धं काम त्यांचंच.

फेरोत काय किंवा फोरेंच्या गावात काय, लोक निदान जागेवर होते. जो जागेवरच नसतो त्याचं काय?

दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी घ्या. शंभराहून जास्त वर्षं तिथे लेसोथो, मोझांबिक, बोत्सवाना, दक्षिण आफ्रिकेतलाच ट्रान्सकाय अशा भागांतून पुरुष कामाला येत गेले. करार काही महिन्यांचा, राहायला हॉस्टेल, एका खोलीत किती जण ते विचारू नका, बायकापोरं गावी. करार संपला की घरी, मग पुन्हा नवा करार. खाली खडक फोडताना सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि बसूनच राहते. सिलिकोसिस. याची गंमत अशी, गंमत कसली, वैताग असा, की खाण सोडली तरी आजार थांबत नाही, पुढे वाढतच जातो, आणि अशा फुप्फुसाला टीबी फार लवकर धरतो.

आता माणूस खोकायला लागला, काम होईना, की त्याला गावी पाठवायचं. झालं, खाणीच्या रजिस्टरमधून तो गेला. खाणीत आजार कमी दिसणार, आणि शेकडो किलोमीटर लांब डोंगरातल्या एखाद्या गावात एक माणूस उन्हात भिंतीला टेकून धापा टाकत बसलेला असणार, ज्याची नोंद कुठेच नाही. मोजणारे एकीकडे, आजार दुसरीकडे.

1990 च्या दशकात काही संशोधकांनी उलटं केलं, खाणीत न जाता गावात गेले. बोत्सवानातल्या थमागा गावात माजी खाणकामगारांचे एक्सरे काढले, तर दर चारात एकापेक्षा जास्त जणांच्या फुप्फुसात धुळीचा आजार. ट्रान्सकायच्या लिबोडे भागातही चित्र साधारण तसंच. यातल्या बहुतेकांना आपल्याला भरपाई मागता येते हेच माहीत नव्हतं. कायदा मात्र होता बरं का! कायदा तर असाही आहे की कामगार मेला की घरच्यांच्या संमतीने त्याची फुप्फुसं आणि हृदय जोहान्सबर्गला तपासायला पाठवायची, आजार सापडला तर कुटुंबाला पैसे. म्हणजे विधवेने आधी नवऱ्याची छाती उघडायला हो म्हणायचं आणि मग वाट बघायची. 2019 मध्ये कोर्टाने खाण कंपन्या आणि कामगारांच्या 5 अब्ज रँडच्या समझोत्याला मंजुरी दिली, तोपर्यंत किती जण गेले असतील याचा हिशोब कोण लावणार.

आणि याच खाणींत 1970 च्या दशकात न्यूमोनियाच्या लशीच्या चाचण्या झाल्या, नव्याने भरती झालेल्या कामगारांवर, कारण हॉस्टेलच्या गर्दीत न्यूमोनिया भरपूर. लस चालली, 1977 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, आज जगभर म्हाताऱ्यांना न्यूमोकॉकसची जी लस देतात तिची सुरुवात या पोरांच्या दंडावर झालीय. हॉस्टेलची गर्दी मात्र तशीच राहिली.

स्थलांतरितांबद्दल आपण मनात काय धरून बसतो त्याचं एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलंच. एचआयव्ही कसा पसरला? सगळ्यांचं पाठ उत्तर, नवरा शहरात जातो, तिथून घेऊन येतो, बायकोला देतो. तिथल्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात मार्क लुरी आणि सहकाऱ्यांनी जोडपी तपासली, नवरा कामाच्या ठिकाणी आणि बायको गावी, दोघांची टेस्ट. 2003 मध्ये निष्कर्ष आले. ज्या जोडप्यांत दोघांपैकी एकालाच एचआयव्ही होता, त्यातल्या जवळजवळ 30 टक्के जोडप्यांत तो बायकोला होता, नवऱ्याला नाही. यात बायकांना दोष द्यायचा विषयच नाही, महिनोन् महिने तुटलेला संसार दोन्हीकडून तुटलेला असतो. पण सगळे जागृतीचे कार्यक्रम एका टोकाला चाललेले आणि दुसऱ्या टोकाला कोणी विचारायला गेलंच नव्हतं.

(पडद्यावर जळालेला ऊस, काजळीने काळे हात.)

मध्य अमेरिकेचा पॅसिफिक किनारा, निकाराग्वा, एल साल्वादोर. तिशीतले पुरुष किडनी फेल होऊन मरतायत. 2002 मध्ये एल साल्वादोरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधून रिपोर्ट आला, किडनी निकामी होऊन आलेल्या नव्या पेशंटांपैकी दोन तृतीयांशांना ना शुगर, ना बीपी. मग कशाने? बरेचसे किनाऱ्याजवळचे, शेतावर राबणारे. कीटकनाशकं, दारू, पाणी, पेनकिलर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला, काहींवर अजून आहे. पण एक निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. ऊस तोच, पण किनाऱ्यालगतच्या तापलेल्या सपाटीवर आजार जास्त आणि साधारण 500 मीटर उंचीवर, जिथे जरा थंड असतं तिथे, खूपच कमी. हंगाम सुरू होताना रक्त तपासलं आणि संपताना पुन्हा तपासलं, तर साखर कारखान्यात काम करणाऱ्यांपेक्षा शेतात राबणाऱ्यांची किडनी जास्त उतरलेली. म्हणून आज सगळ्यात जास्त बोट उन्हाकडे आणि तशा उन्हात न थांबता केलेल्या कामाकडे जातं. उपाय ऐकायला इतका साधा की हसू येईल, पाणी, सावली, विश्रांती. एल साल्वादोरमध्ये करून बघितलं, ऱ्हास कमी झालेला दिसला.

पण इथेही तोच जुना घोळ. भरतीच्या वेळी रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की वाढणारा घटक, जास्त निघालं की काम नाही. आता घर चालवायचंय म्हटल्यावर माणूस काय करतो, ठेकेदाराकडून जातो, जिथे टेस्ट नाही. मग कारखान्याच्या यादीत सगळे ठणठणीत. रक्ताची तपासणी उपचाराचं दार उघडण्याऐवजी कामाचं दार बंद करत असेल तर कोण हात पुढे करेल, तुम्ही कराल?

आणि हात पुढे केला तरी पुढे त्या रक्ताचं काय होतं?

ग्रँड कॅनियनच्या तळाशी हवासुपाई लोकांचं गाव आहे, सुपाई. तिथे टपाल आजही खेचराच्या पाठीवरून जातं. या लोकांत डायबिटीस खूप, आणि जमात सगळी मिळून साडेसहाशेच्या आसपास. म्हणून 1990 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना त्यांनी रक्त दिलं, डायबिटीसचं कारण कळेल या आशेने. डायबिटीसचं ठोस काही हाती लागलं नाही, पण तेच रक्त स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासाला वापरलं, जवळच्या नात्यांतल्या लग्नांच्या अभ्यासाला वापरलं, आणि त्यांचे पूर्वज आशियातून कसे आले या अभ्यासालाही. त्यांची श्रद्धा अशी की आपण याच दरीत जन्मलो. फॉर्मवर सह्या होत्या, शब्द असे मोघम की त्यात काहीही बसावं, आणि इंग्रजी अनेकांची पहिली भाषा नव्हती.

कळलं कसं? 2003 मध्ये त्या युनिव्हर्सिटीत एका पीएचडीची तोंडी परीक्षा चालू होती आणि प्रेक्षकांत एक हवासुपाई बाई बसली होती. तिने उठून एवढंच विचारलं, या रक्तावर हा अभ्यास करायची परवानगी घेतली होती का?

केस झाली, 2010 मध्ये समझोता झाला, 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर. पैशांबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट मागून घेतली होती. जमातीचे लोक युनिव्हर्सिटीत गेले, त्यांच्यासाठी तो फ्रीजर उघडला, आत त्यांच्या माणसांच्या रक्ताच्या नळ्या होत्या, त्यातली काही माणसं तोवर वारली होती. तिथे ते रडले, गाणं म्हटलं. आणि आपलं रक्त घेऊन परत आपल्या दरीकडे निघाले.