बजी घरी येण्याआधी

[दृश्य : मुंबई, क्रॉफर्ड मार्केट. एकावर एक रचलेले पिंजरे. हिरवे, निळे, पिवळे बजी. किलबिलाट.]

निवेदन :
बजी, म्हणजे पिंजऱ्यात पाळला जाणारा छोटा परदेशी पोपट, घ्यायला गेलेल्या घरांचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. आधी पक्षी पसंत पडतो. मग दुकानदार वरच्या खुंटीवरचा एखादा गोल, घुमटाचा पिंजरा काढून देतो आणि पंधरा मिनिटांत सगळं उरकतं. हा क्रम उलटा करायला हवा. आधी पिंजरा, त्याची जागा, आतली मांडणी. पक्षी सगळ्यांत शेवटी. कारण इथून पुढे त्याच्या दिवसाचे बहुतेक तास तिथेच जाणार आहेत.

आपल्याकडे दुकानांत लव्हबर्ड म्हणून विकला जाणारा हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. पाऊस पडेल आणि गवताला दाणा धरेल तिकडे हजारोंच्या थव्यांनी उडत जाणारा. १८४० मध्ये जॉन गोल्ड या पक्षितज्ज्ञाने जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि पुढे जगभर ते पिंजऱ्यांतच वाढू लागले. आपला रानातला पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. बजी परदेशी असल्यामुळे त्या बंदीत येत नाही. पण कायद्याने पाळता येतो म्हणून तो कसाही ठेवावा, असं नाही.

[दृश्य : ठाण्यातलं एक घर. जमिनीवर नवा आयताकृती पिंजरा. आजोबा टेप लावून मोजत आहेत, शेजारी नात.]

निवेदन :
बजीचं वजन तीस-चाळीस ग्रॅम, पण पंख पसरले की साधारण फूटभर होतात. म्हणजे फूटभर रुंदीच्या पिंजऱ्यात त्याला नीट पंखही उघडता येत नाहीत. शिवाय बजी उडतो तो आडवा. त्यामुळे उंच पिंजऱ्यापेक्षा रुंद पिंजरा कधीही बरा. जोडीसाठी निदान तीस इंच रुंद आणि अठरा इंच खोल जागा द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. याहून मोठा परवडत असेल तर बेलाशक घ्या.

दोन गजांमधली फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. जास्त असली तर डोकं बाहेर निघतं आणि तिथेच अडकतं. काही गज आडवे हवेत, कारण बजी चढताना आधी चोचीने वरचा गज पकडतो, मग एकेक पाय वर घेतो. वर सरकवायची दारं असतील तर तीही चोचीने उचलतो. प्रत्येक दाराला चाप लावून टाका.

जीआय जाळीचा पिंजरा घेताना जपून. त्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो. बजी दिवसभर तार चावतो, आणि पोटात गेलेलं जस्त विषारी ठरतं. मुलाम्याचे कण सुटत असतील, पांढरी भुकटी हाताला लागत असेल, तर तो पिंजरा नकोच.

[दृश्य : गच्चीवर उन्हात वाळणाऱ्या पेरूच्या फांद्या. आजोबा एक फांदी हातात फिरवून दाखवतात.]

निवेदन :
पिंजऱ्यासोबत येणाऱ्या दांड्या प्लॅस्टिकच्या, गुळगुळीत आणि सगळ्या एकाच जाडीच्या. चोवीस तास त्यांवर उभं राहिलं की तळव्याच्या त्याच त्या जागेवर भार येतो, तिथे सूज येते, पुढे जखमा होतात. याला उपाय पेरूची फांदी. कीटकनाशक न मारलेल्या झाडाची घ्या, घासून धुवा, कडक उन्हात वाळवा. साल काढू नका. ती सोलण्यात बजीचा अख्खा दिवस मजेत जातो. कुठे करंगळीएवढी, कुठे अंगठ्याएवढी, गाठी असलेली वाकडी फांदी सगळ्यांत चांगली. तिच्यावर पाय दर वेळी वेगळा पडतो.

दोन फांद्या दोन टोकांना लावा आणि मधली जागा उडायला मोकळी सोडा. एक थोडी उंचावर, झोपायला. दाणा-पाण्याच्या वाट्यांवर मात्र एकही नको, नाहीतर विष्ठा थेट पाण्यात.

[दृश्य : आजोबा पिंजऱ्यातलं मातीचं छोटं मडकं सोडवतात.]

नात : आजोबा, मडकं राहू द्या ना. किती छान दिसतंय!

आजोबा : अगं, ते घर नाही त्यांचं, ती बाळंतिणीची खोली. समोर दिसली की मादी अंडी घालत सुटते.

निवेदन :
आजोबा म्हणतात ते अगदी खरं आहे. मादी एकदा बसली की एक दिवसाआड एक अशी चार-सहा अंडी घालते. अशी लागोपाठ वेत झाली की अंगातलं कॅल्शियम संपत जातं, आणि अंडं अडकून जीवही जातो. पिल्लं नको असतील तर मडकं काढून ठेवा. बजी झोपतो फांदीवरच.

आरसाही काढा. एकटा बजी त्यातल्या प्रतिबिंबालाच जोडीदार समजतो, त्याला भरवायला खाल्लेला दाणा बाहेर काढत बसतो. त्याला खरी सोबत द्या, दुसरा बजी आणा.

मडक्याच्या जागी समुद्रफेस टांगा. माकुल या समुद्री प्राण्याच्या अंगातला हा पांढरा, ठिसूळ भाग कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला सापडतो, काष्ठौषधींच्या दुकानातही मिळतो. त्यातून कॅल्शियम मिळतं आणि चोचही घासली जाते. किनाऱ्यावरून आणला असेल तर गोड्या पाण्यात भिजत घाला, पाणी बदलत राहा, मग उन्हात खडखडीत वाळवा.

[दृश्य : स्वयंपाकघर. गॅसवर नॉनस्टिक तवा. कॅमेरा सरकत हॉलच्या भिंतीकडे.]

निवेदन :
आता जागा. स्वयंपाकघर पूर्णपणे बाद. नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण बजी काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्याच्या फुप्फुसातून श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा वाहते. त्यामुळे प्राणवायू उत्तम मिळतो आणि विषही तितकंच भरभर भिनतं. डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती, फिनेल त्याच्या खोलीत नकोत. देवघराशेजारी पिंजरा टांगायची पद्धत म्हणूनच सोडायला हवी.

बाल्कनीत कावळे, मांजरं, कधी शिक्रा, शिवाय दुपारचं ऊन. हॉलमध्ये, डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लावून ठेवा. पाठीशी भिंत असली की बजी लवकर निर्धास्त होतो. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. टीव्ही चालू असेल तर पिंजरा आतल्या खोलीत न्या. आणि पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी पंखा बंद. हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा, पाहुण्यांनाही.

तळाशी वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला. विष्ठेचा रंग, पातळपणा त्यावर लगेच कळतो.

[दृश्य : वाटीत राळे ओतले जात आहेत. जवळून.]

निवेदन :
खायला राळे, वरी, थोडी बाजरी; सोबत धुतलेली कोथिंबीर, मेथी. अॅव्होकॅडो, चॉकलेट, खारट फरसाण अजिबात नाही.

पहिले काही दिवस हात आत घालून पकडायला जाऊ नका. जवळ बसा, हळू बोला. मात्र वाटीवर रोज नजर ठेवा. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथेच टाकतो. लांबून वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो. रोज सकाळी वाटी बाहेर काढा, फुंकर मारा, फोलपटं उडाल्यावर खाली किती दाणे उरलेत ते बघा आणि मगच भरा.